कॉलेजच्या नळाचे कार्ड कोणत्या रंगाचे?

सातारा जिल्ह्यातल्या कुठल्याही ग्रामपंचायतीत जा, पाण्यासाठी एक माणूस नेमलेला असतो. त्याला जलसुरक्षक म्हणतात. टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर पडली की नाही हे त्याने बघायचे, मग गावाच्या टोकाच्या नळाचे पाणी छोट्या नळीत घेऊन त्यात ओटीचे (ऑर्थोटोलिडीन या रसायनाचे) थेंब टाकायचे. पाणी पिवळे झाले म्हणजे क्लोरीन शेवटच्या घरापर्यंत पोचले. नाही झाले तर वहीत तशी नोंद करायची आणि आरोग्य खात्याला कळवायचे. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पाणीस्रोतांची पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला कार्ड मिळते, हिरवे, पिवळे किंवा लाल. सलग पाच वर्षे हिरवे राखले आणि साथ आली नाही, तर चंदेरी. ही पद्धत सगळीकडे चोख चालते असे मी म्हणणार नाही. घरी बसून महिन्याची वही एका सपाट्यात भरणारे जलसुरक्षकही असतात. पण निदान वही आहे, नाव लिहिलेला माणूस आहे, आणि लाल कार्ड आले की ग्रामसभेत सरपंचाला चार शब्द ऐकून घ्यावे लागतात.

त्याच गावातली मुलगी सकाळची पहिली एसटी पकडून साताऱ्याला, कराडला नाहीतर वाईला कॉलेजला येते. कॉलेजच्या फाटकातून आत आली की हा सगळा हिशोब संपतो. आतल्या टाकीत टीसीएल कोण टाकतो, टाकी शेवटची कधी धुतली, तिसऱ्या मजल्यावरच्या नळाला क्लोरीन पोचते का, हे विचारायला कुणी येत नाही, आणि विचारलेच तर सांगायला कुणी नसतो. दोन-अडीच हजार पोरे रोज पाच-सहा तास जिथे वावरतात ती जागा पाण्याच्या दृष्टीने एक बऱ्यापैकी मोठे गावच आहे. फक्त या गावाला जलसुरक्षक नाही, वही नाही आणि कार्डही नाही.

शाळेचे बरे आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेच्या इमारतीसाठी जे निकष दिले आहेत त्यात सर्व मुलांना सुरक्षित आणि पुरेसे पिण्याचे पाणी आणि मुला-मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे असे स्पष्ट लिहिले आहे. कायदा २००९ चा. पण तो आठवीपर्यंतचा. नववीत गेल्यावर तहान कमी लागते असा शोध अजून कुणी लावलेला नाही. पुढे कनिष्ठ महाविद्यालय, मग वरिष्ठ. तिथे पाण्याची सोय असावी असे कागदोपत्री गृहीत धरलेले असते, पण ती आहे की नाही हे कशावरून ठरवायचे याबद्दल सगळे मोघम. कॉलेजांचे मूल्यमापन करणाऱ्या नॅकची समिती यायची असली की तिच्या सातव्या निकषासाठी पर्जन्यजल संधारणाचे फोटो निघतात, प्लास्टिकमुक्त परिसराचा फलक रंगतो, झाडांना नंबर पडतात. दुपारी साडेबाराला नळ सोडून ग्लास तोंडाला लावून बघावा, असे त्या गडबडीत कुणालाच सुचत नाही.

माझे म्हणणे सरळ आहे. आवारात फुकट, स्वच्छ आणि पुरेसे पाणी देणे हे महाविद्यालयाचे काम आहे आणि त्याचा हिशोब पाण्याचे मशीन बसवल्याच्या फोटोवर होऊ नये. तो मधल्या सुट्टीत नळाशी उभे राहून व्हावा, लिहून ठेवला जावा आणि विद्यार्थ्यांना दिसेल असा भिंतीवर लागावा.

फोटोची गोष्ट काढली कारण मशीन नाही असे कॉलेज आता शोधूनही सापडणार नाही. माझ्या ओळखीच्या एका महाविद्यालयात जिन्याखाली स्टीलचा भलामोठा कूलर आहे. वर पितळी पाटी: अमुक साली बाहेर पडलेल्या तुकडीकडून कै. अमुक सरांच्या स्मरणार्थ. पाटी अजून लखलखीत आहे, दर सव्वीस जानेवारीला ती पुसली जाते. खाली तीन तोट्या. त्यातल्या एकीचा खटका गेलाय म्हणून ती प्लास्टिकच्या पिशवीने करकचून बांधलेली. दुसरीतून करंगळीएवढी धार येते. तिसरी चालू, पण तिच्याखालच्या ताटलीत चहाचा चोथा, वेफर्सचे पाकीट आणि कडेने हिरवी शेवाळी कड. साखळी लोंबतेय, तिला ग्लास नाही. सर्व्हिसिंगचे स्टिकर उन्हाने इतके उडालेय की तारीख वाचता येत नाही. आणि तिथून पंधरा पावलांवर कँटीनचा काचेचा फ्रिज, त्यात वरपासून खालपर्यंत पाण्याच्या बाटल्या, बर्फासारख्या गार.

या चित्रात कुणी खलनायक नाही. माजी विद्यार्थ्यांनी मनापासून पैसे काढले, प्राचार्यांनी मनापासून उद्घाटन केले. पण आपल्याकडे दान मिळते ते यंत्राला. फिल्टरची कँडल बदलायला, टाकी धुवायला, जंतू मारणाऱ्या दिव्याची नळी आणायला कुणी देणगी देत नाही, कारण त्यावर पाटी लावता येत नाही. उन्हाळ्यात चौकात पाणपोई उघडणाऱ्या मंडळांचा निदान एक नियम असतो. रांजण रोज धुवायचा, रोज भरायचा आणि पावसाळा आला की उचलून ठेवायचा. कूलर मात्र एकदा बसला की तो बसलाच.

आणि न सांभाळलेला कूलर साध्या नळापेक्षा वाईट असू शकतो. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला हे सांगावेसे वाटतेच, म्हणून जरा थांबतो. नगरपालिकेचे पाणी येते तेव्हा त्यात थोडे क्लोरीन उरलेले असते. भारतीय मानक १०५०० प्रमाणे ते लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावे. हे उरलेले क्लोरीन म्हणजे वाटेतल्या आणि टाकीतल्या जंतूंविरुद्धची राखणदारी. फिल्टरमधला कोळसा पहिल्यांदा काय करतो, तर हे क्लोरीनच काढून टाकतो; पाण्याचा वास जातो, चव सुधारते. मग ते पाणी अतिनील दिव्याखालून जाते आणि कूलरच्या पोटातल्या टाकीत साठते. दिव्याची नळी वर्षभर सतत चालली की तिची ताकद उतरते. गंमत अशी की ती पेटलेली दिसत राहते, निळा उजेडही पडतो, पण जंतू मारायला तो पुरत नाही. म्हणजे राखणदार आपणच घालवला, त्याच्या जागी ठेवलेला म्हातारा होऊन झोपला आणि पाणी मात्र न धुतलेल्या टाकीत दिवाळीच्या सुट्टीभर तसेच पडून राहिले. सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी कॉलेजात आलेला मुलगा पहिला ग्लास पितो तो या पाण्याचा. त्याच मानकात १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय अजिबात आढळता कामा नये असे लिहिले आहे. ते आढळते की नाही हे बघायला लागणारी जीवाणू तपासणी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत, त्याच इमारतीत, मुलांच्या प्रॅक्टिकलला होत असते. नमुना कुठला? नदीचा, विहिरीचा, कधी गटाराचा. जिन्याखालच्या कूलरचा नमुना घ्यावा असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. बी.एस्सी.ची पोरे ईडीटीएचे टायट्रेशन करून पाण्याची कठीणता दशांशापर्यंत काढतात, जर्नलला सही घेतात आणि खाली जाऊन वीस रुपयांची बाटली घेतात.

‘मुलांना बाटलीच हवी असते’ असे म्हणणारे मला भेटतात. असतेही काहींना. पण निवड म्हणायला दोन गोष्टी समोर असाव्या लागतात. एका बाजूला शेवाळी तोटी आणि दुसऱ्या बाजूला गार बाटली ठेवून मुलांनी बाटली उचलली, तर ती आवड नव्हे. जिच्याकडे वीस रुपये आहेत ती बाटली घेते. जिच्याकडे नाहीत ती घरून आणलेली बाटली दुपारपर्यंत पुरवून पुरवून पिते. तिसरी मुलगी पाणी पीतच नाही.

वीस रुपये म्हणजे काय मोठेसे, असे वाटत असेल तर गुणाकार करून बघा. वर्षाला कॉलेजचे दोनशे दिवस धरले आणि दिवसाला एकच बाटली, तरी चार हजार होतात. अनुदानित महाविद्यालयात कला शाखेची वर्षाची फीच काही हजारांत असते. सरकार एका बाजूने विद्यार्थ्यांना एसटीच्या पासात मोठी सवलत देते, ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत पास फुकट देते. २०२४ पासून ठरावीक प्रवर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ आहे. एवढे करून मुलगी वर्गापर्यंत आणायची आणि मग दुपारच्या तहानेचे पैसे तिच्याकडून घ्यायचे, याला काय अर्थ आहे? फीच्या पावतीवर जिमखाना असतो, नियतकालिक असते, ओळखपत्र, ई-सुविधा, आपत्ती व्यवस्थापन असते. पाणी नसते. नसावेच, उद्या कुणी ‘जलशुल्क’ म्हणून नवी ओळ घालील याचीच मला धास्ती आहे. पण पावतीवर नाही म्हणून जबाबदारीतही नाही, असा अर्थ काढणे हा लबाडपणा झाला.

मुलींबद्दल आणखी एक बोलायलाच हवे, कारण पाण्याच्या चर्चेत ते नेहमी राहून जाते. अनेक मुली कॉलेजात मुद्दाम पाणी पीत नाहीत. प्यायले तर जावे लागेल, आणि जायची जागा धड नाही. कडी लागत नाही, नळाला पाणी नाही, डस्टबिन नाही. माण-खटावकडून येणाऱ्या मुली सकाळी सहाला घर सोडतात आणि संध्याकाळी परत पोचतात, तोवर दोन-तीन घोटांवर दिवस काढतात. मग डोके दुखणे, लघवीला जळजळ, वारंवार होणारा मूत्रसंसर्ग, कुणाला मुतखडा. हे घरी सांगायलाही लाज वाटते, म्हणून ते सांगितलेही जात नाही. तेव्हा पिण्याच्या पाण्याची वही ठेवायची तर तिच्यात स्वच्छतागृहाचे पान असलेच पाहिजे. नळ झकास आणि स्वच्छतागृह बंद असेल, तर मुलींपुरता तो नळ नसल्यातच जमा.

साताऱ्यात या विषयावर लिहिताना एक गोष्ट टाळून पुढे जाता येत नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर इथल्या सरकारी इंग्रजी शाळेत दाखल झाले. आज ते प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखले जाते. राज्य सरकारने २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस ठरवला. शाळकरी वयातल्या पाण्याबद्दल बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. इतर मुलांना तहान लागली की गुरुजींची परवानगी पुरे, ती जाऊन नळ सोडत आणि पीत. भीमरावांना नळाला हात लावायची मुभा नव्हती. त्यांच्यासाठी शिपायाने येऊन नळ सोडायचा. शिपाई नसला की पाणी नाही.

आजच्या कॉलेजातली हेळसांड आणि ती अस्पृश्यता एका तराजूत घालण्याइतका मी बेजबाबदार नाही. तिथे माणसाला माणूस मानायचे नाकारले होते. इथे नुसता आळस आणि दुर्लक्ष आहे. पण त्या हकिकतीतून एक गोष्ट स्वच्छ दिसते. नळ असणे आणि पाणी मिळणे यांच्यामध्ये नेहमी कुणीतरी माणूस उभा असतो, आणि तो नसला किंवा त्याची मर्जी नसली की नळ असून उपयोग नसतो. आज तो माणूस बऱ्याच ठिकाणी खरोखरच नाही. शिक्षकेतर पदे वर्षानुवर्षे रिक्त आहेत. एकच शिपाई घंटा देतो, टपाल नेतो, परीक्षेच्या बाकांवर नंबर टाकतो. टाकी धुवायची पाळी त्याच्यावर येते ती गणपतीत नाहीतर समिती यायच्या आधी. ७ नोव्हेंबरला व्याख्यान होते, निबंध स्पर्धा होते, प्रतिमेला हार पडतो. त्या दिवशी प्रत्येक कॉलेजने आपल्या आवारातल्या प्रत्येक नळाचा अहवाल फलकावर लावावा, एवढे तरी व्हायला काय हरकत आहे? पावसाळ्यानंतरच्या पाहणीचा तोच तर मोसम असतो.

माणूस नाही, ही अडचण मी उडवून लावत नाही. पण तिच्यावर तोडगा बाहेरून आणायची गरज नाही, साताऱ्याला तर मुळीच नाही. भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले इथे रयत शिक्षण संस्था काढली, साताऱ्यात वसतिगृह उभे केले, आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. पुढे ही योजना राज्यभरातल्या विद्यापीठांनी उचलली. आज त्या योजनेतली मुले बहुतेक ठिकाणी ग्रंथालयात पुस्तके लावतात, कार्यालयात नोंदी करतात, बागेला पाणी घालतात. त्यातल्या चौघांना पाण्याची वही द्या. रोज सकाळी शेवटच्या नळाला ओटी टेस्ट, आठवड्याला क्षारांचे माप, महिन्याला सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतून जंतूंची तपासणी. प्रयोगशाळा नसलेल्या छोट्या कॉलेजला एचटूएसची बाटली मिळते. पाणी भरून ठेवायचे, दूषित असेल तर एक-दोन दिवसांत काळे पडते. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या पाच-पाच बायकांना असे संच वापरायला शिकवले गेले. दहावी-बारावी झालेल्या बाईला जमते ते बी.एस्सी.च्या मुलाला जमणार नाही असे कोण म्हणेल? मुलांना कामाचा मोबदला मिळेल आणि आपल्या आवारातल्या आकड्यांवर प्रॅक्टिकलही होईल.

टाकी धुवायला मात्र मुले लावू नयेत. ते काम करणाराला पैसे देऊन, नीट साधनांनिशी करून घ्यावे. श्रमदानाच्या नावाखाली पोरांना ओव्हरहेड टाकीत उतरवण्याचे प्रकार मला पसंत नाहीत.

आता पैशाचे बघू, कारण बैठकीत सगळ्यात आधी तेच निघते. वेतनेतर अनुदान तुटपुंजे आहे, तेही वेळेवर येत नाही, हे खरे आहे. पण पाण्यावर पैसा जातो तो बऱ्याचदा चुकीच्या जागी. सातारा शहराच्या काही भागाला कास तलावाचे पाणी मिळते. पठारावरचे पावसाचे पाणी, उताराने आपसूक खाली येणारे, मुळात मवाळ. असल्या पाण्याला आरओ, म्हणजे क्षार गाळून काढणारे मशीन, लावून आपण काय साधतो? क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि त्याहून कमी क्षार असतील तिथे आरओ वापरू नये, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ सालीच म्हटले होते. साधे आरओ मशीन एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर मोरीत सोडते. तरी ‘आमच्याकडे आरओ आहे’ हे सांगण्यात एक प्रतिष्ठा असते, म्हणून ते बसते, आतल्या गाळणीचा, मेम्ब्रेनचा, खर्च परवडत नाही म्हणून वर्षभरात बंद पडते, आणि मग साध्या फिल्टरचेही काही होत नाही. दहिवडी, म्हसवड या बाजूला बोअरवर चालणाऱ्या वसतिगृहाची गोष्ट निराळी. तिथे पाणी जड असते, चहाच्या पातेल्याला पांढरा थर धरतो, तिथे आरओ जरूर घ्या, पण आधी माप घेऊन. क्षार मोजणाऱ्या एका टीडीएस मीटरची किंमत काही शे रुपये असते. माप न घेता मशीन घेणे हा सगळ्यात महागडा मार्ग आहे.

जारचा मार्ग त्याहून वाईट. वीस लिटरचे गार पाण्याचे जार आता कार्यालयात, अभ्यासिकेत, लग्नात सगळीकडे आले. त्यांना सील नसते, बॅच नसते, तारीख नसते. पाणी गार आहे एवढ्यावर आपण ते शुद्ध समजतो. एमपीएससीचा अभ्यास करणारी पोरे दिवसभर अभ्यासिकेत हेच पितात. कॉलेजने नळ नीट करायचा सोडून जार लावला, तर त्याने जबाबदारी टेम्पोवाल्याच्या अंगावर टाकली, एवढाच त्याचा अर्थ.

पुरेसे म्हणजे किती, याबद्दलही जरा हिशोब हवा. लोक लिटरमध्ये बोलतात. कॉलेजात खरी टंचाई मिनिटांची असते. समजा दोन हजार मुले आहेत, सुट्टी अर्ध्या तासाची आणि चालू तोट्या चार. एक बाटली भरायला वीस सेकंद धरा. एक तोटी अर्ध्या तासात नव्वद बाटल्या भरते, चार मिळून तीनशे साठ. तीही रांग न मोडता, कुणी गप्पा न मारता, धार कमी न होता. उरलेल्या सोळाशे चाळीस जणांनी काय करायचे? टाकीत दहा हजार लिटर पाणी असून मुले तहानलेली राहतात ती अशी. म्हणून एका मोठ्या कूलरपेक्षा प्रत्येक मजल्यावर साध्या पाण्याच्या सहा तोट्यांची ओळ कितीतरी बरी. पाणी गार नसले तरी चालते. एप्रिल-मे महिन्यात, विद्यापीठाच्या परीक्षा चालू असतात तेव्हा, गार हवेसे वाटते हे मान्य. पण चार तोट्या गार आणि चोवीस साध्या, ही विभागणी कुठल्याही कॉलेजला जमण्यासारखी आहे. केरळातल्या शाळांनी २०१९ मध्ये पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा सुरू केली. कॉलेजात घंटेची गरज नाही, पण दोन तासिकांच्या मधल्या पाच मिनिटांत मजल्यावरच पाणी मिळाले तर सुट्टीतली अर्धी झुंबड आपोआप कमी होईल.

‘मुलेच तोट्या मोडतात, पाण्यात थुंकतात, गुटख्याच्या पुड्या टाकतात’ ही तक्रार खोटी नाही. मी स्वतः बघतो. पण मोडकी वस्तू मोडायला हात लवकर पुढे येतो, हेही बघतो. ज्या विभागात तोटी बिघडल्यावर दुसऱ्या दिवशी बदलली जाते तिथे ती टिकते. आणि काही पोरे थुंकतात म्हणून बाकीच्या सगळ्यांना तहानलेले ठेवायचे असेल, तर मग काही पोरे पाने फाडतात म्हणून ग्रंथालयही बंद करावे लागेल.

‘घरून आणा की’ हाही एक सल्ला. शहरातल्या मुलाला तो सोपा आहे. पाटणच्या डोंगरातून किंवा जावळीच्या आतल्या गावातून दोन एसट्या बदलून येणाऱ्या मुलीने दप्तर, डबा आणि दोन लिटर पाणी घेऊन उभ्याने प्रवास करावा, असे सांगणाऱ्यांनी एकदा त्या गाडीतून येऊन बघावे. प्राध्यापकांच्या खोलीत पाण्याची वेगळी सोय असते, तिथे कुणी ‘घरून आणा’ म्हणत नाही. माझा एक आगाऊ सल्ला आहे. स्टाफरूमचा वेगळा फिल्टर काढून टाकावा आणि प्राचार्यांसकट सगळ्यांनी मुलांच्याच तोटीचे पाणी प्यावे. तोटी किती लवकर दुरुस्त होते ते दिसेल. हे बोलल्यावर स्टाफरूममध्ये माझ्याकडे कसे बघितले जाते, ते इथे सांगत नाही.

हा प्रश्न मांडायला जागा आहे. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने प्रत्येक महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती आणली आणि तीत विद्यार्थी परिषदेच्या प्रतिनिधींनाही स्थान दिले. तिच्या बैठकीत इमारती, नवे अभ्यासक्रम, अंदाजपत्रक यांवर तास जातात. पाण्याची वही प्रत्येक बैठकीत पहिल्या विषयाला टेबलावर यावी, अशी मागणी विद्यार्थी प्रतिनिधी करू शकतो. वही नसेल तर ‘वही नाही’ असे इतिवृत्तात लिहून घ्यावे. इतिवृत्तात लिहिलेल्या गोष्टीला आपल्याकडे अजून थोडा धाक आहे. विद्यापीठाच्या तपासणी समितीनेही खोल्यांची लांबी-रुंदी मोजून झाल्यावर शेवटच्या मजल्यावरच्या नळाशी दोन मिनिटे थांबायला हरकत नाही. आणि जिल्हा परिषदेची यंत्रणा गावांना कार्डे देतेच, तिने पाहणीच्या वेळी हद्दीतल्या महाविद्यालयांनाही त्यात धरले, तर वेगळे खाते काढावे लागणार नाही.

राहिले कँटीन. बाटल्या विकायला बंदी घाला असे मी म्हणत नाही. पाहुणा येतो, कुणाला गार हवे असते, विकू देत. पण कँटीनचे भाडे आणि बाटल्यांचा खप यांचा संबंध असतो, आणि नळ बंद पडला की खप वाढतो, हे न समजण्याइतके कुणी भोळे नाही. म्हणून कँटीनच्या करारातच लिहावे: काउंटरवर झाकणाच्या पिंपात किंवा तोटीला तपासलेले साधे पाणी फुकट ठेवायचे, पाणी मागणाऱ्याला आधी तेच दाखवायचे, आणि आवारातला नळ बंद असेल त्या दिवशी बाटली विकायची नाही. ठेकेदार कुरकुर करील, भाडे थोडे कमी द्यायला बघील. द्यावे कमी. पण ही शेवटची अट घातली की नळ बंद पडल्याची पहिली तक्रार घेऊन प्राचार्यांच्या दारात कँटीनवालाच उभा राहील, आणि प्लंबरही तोच शोधून आणील. करार कधी ना कधी नवा होतोच, आणि त्यात ही ओळ घालायला ना विद्यापीठाची परवानगी लागते ना मंत्रालयाची.